धावायच्या आधी गावभर सांगा

मॅरेथॉन धावायचं ठरवलंत? अभिनंदन. आता बूट, आहार, डॉक्टर असल्या भानगडीत न पडता आधी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. रात्री साडेदहाला टाका, म्हणजे सकाळी पाणी आलं का ते बघायला उठलेले सगळे वाचतील. मजकूर नम्र हवा. 'या डिसेंबरात फुल करायचं मनात आहे, बघू कसं जमतंय.' 'फुल'पुढे 'मॅरेथॉन' लिहू नका. समोरच्याने 'फुल म्हणजे काय हो?' असं विचारलं पाहिजे आणि तुम्ही 'बेचाळीस किलोमीटर' असं, जणू कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाल्यासारखं सांगितलं पाहिजे. बेचाळीसच्या पुढचे १९५ मीटर सध्या सोडून द्या. ते शेवटी भेटतीलच.

आधी सांगून ठेवण्याचा फायदा असा की मग माघार घेता येत नाही. मी हे स्वतःवर करून पाहिलेलं आहे. ऑगस्टात माझा घोटा जरासा दुखला तेव्हा मी मनातल्या मनात नाव मागे घेऊनही टाकलं होतं. त्याच संध्याकाळी तळमजल्यावरचे काका दारात भेटले. 'काय रे, चाललंय ना पळणं?' त्या 'ना'मध्ये इतका गाढ अविश्वास होता की दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी तळजाईच्या टेकडीवर होतो. व्यायामाची आवड, आरोग्याची काळजी वगैरे कारणं लोक मुलाखतीत सांगतात. खरं कारण तळमजल्यावर राहत असतं.

एकदा जाहीर केलंत की सल्ले सुरू होतील. पुण्यात मॅरेथॉनचा सल्ला द्यायला कधी धावलेलं असावं लागत नाही. उलट न धावलेल्या माणसाचा सल्ला जास्त ठाम असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, गुडघे जातात. त्यांच्या मिस्टरांनी सांगितलं, गुडघे नाही, हृदय जातं. इस्त्रीवाल्याने कपडे मोजता मोजता विचारलं, 'पैसे किती देतात?' उलट आपणच प्रवेश फी भरायची असते हे सांगितल्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेत सबंध विषयाचं सार होतं, पण तेव्हा मी भारावलेला होतो.

काकांचा सल्ला मात्र इतिहासातून येतो. ते रोज पर्वती चढतात, १०३ पायऱ्या, आणि बोलताना त्या पायऱ्यांवरूनच बोलतात. 'बूट कशाला हवेत? आपल्याकडे अनवाणी पळायचे लोक. डेक्कन जिमखान्यावर चौगुले पळाला तो काय बूट घालून?' यातला इतिहास खरा आहे. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारे गडी पाहून जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा थक्क झाले, त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपला चमू गेला, आणि बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले. शंभर वर्षांपूर्वी, बोटीने जाऊन. मला तर अंगावर काटा आला. काकांना मी विचारलं, एकोणिसावे म्हणजे केवढी मोठी गोष्ट, नाही? ते म्हणाले, 'एकोणिसावाच ना?'

असो. बूट घ्याच. पण योग्य वेळी, म्हणजे शर्यतीच्या आदल्या आठवड्यात. जाणकार लोक अर्धा नंबर मोठा बूट घेतात, कारण तासन्‌तास धावल्यावर पाऊल फुगतं आणि अंगठा पुढे आपटतो. ते बूट महिना-दोन महिने वापरून मळवतातही. आपण तसं करू नये. दसऱ्याचे कपडे कोणी आठ दिवस आधी घालून मळवतं का? बूट देवापुढे ठेवावेत, हळदकुंकू लावावं आणि थेट शर्यतीच्या पहाटे पायात घालावेत.

सरावाबद्दल फार लिहित नाही, कारण फार केला नाही. सोळा ते वीस आठवड्यांचं कोष्टक मिळतं. आठवड्यातून तीन-चार दिवस थोडं थोडं, रविवारी लांब, आणि तो रविवार वाढत वाढत तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यायचा. छापून फ्रिजवर लावा, दुधाच्या हिशेबावर छान बसतं. ते कोष्टक करणाऱ्या माणसाचं सासर पुण्यात नव्हतं एवढं लक्षात ठेवा. डिसेंबरातल्या शर्यतीची सुरुवात पावसाळ्यात होते, तेव्हा रस्ता कुठला आणि खड्डा कुठला हे पाय ओला झाल्यावर कळतं. जरा लय सापडते तोवर गणपती. पाठोपाठ नवरात्र. आणि ज्या आठवड्यांत अठ्ठावीस, तीस, बत्तीस अशी मोठी अंतरं काढायची, बरोबर त्याच सुमाराला दिवाळी. पहाटे चारला उठून अभ्यंगस्नान करावं की कात्रजपर्यंत जाऊन यावं? मी अभ्यंगस्नान केलं. मग फराळ केला. शेवटचे दोन-तीन आठवडे सराव कमी करायचा असतो, त्याला टेपर म्हणतात. ही एक गोष्ट मी अत्यंत काटेकोरपणे पाळली, फक्त जूनपासून.

आदल्या रात्रीचं जेवण हा घरच्यांचा विषय आहे, त्यात पडू नका. तुम्ही फक्त एवढंच सांगा की कार्बोहायड्रेट लागतात. शास्त्र असं की स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते, म्हणून आधीचे दोन-तीन दिवस भात, पोळी, बटाटा असं सवयीचं जरा जास्त खावं. आमच्या आईने याचा अर्थ पुरणपोळी असा लावला. कटाची आमटी ओघाने आलीच. 'बेचाळीस किलोमीटर जायचंय पोराला,' म्हणत तिने तिसऱ्या पोळीवर तूप सोडलं. मीही नाही म्हटलं नाही. चौदाव्या किलोमीटरला ती आमटी आणि मी एकाच वेळी आडोसा शोधत होतो, तो प्रसंग तपशिलाने सांगण्यासारखा नाही. चालू स्थितीतलं सार्वजनिक शौचालय ही शहराच्या श्रीमंतीची खरी खूण आहे, हे मत मात्र तेव्हापासून पक्कं झालं.

शर्यतीच्या दिवशी दूधवाल्यांच्याही आधी उठा. पुण्यात मॅरेथॉन १९८३ पासून होते आहे, त्यामुळे डिसेंबरातल्या एका पहाटे शहराला रस्ते सोडायची सवय आहे, पण ती मनापासूनची आहे असं समजू नका. थंडीत कुडकुडत उभे राहा. छातीला बिब, म्हणजे नंबराचा कागद, लावताना चार सेफ्टी पिनांपैकी एक बोटात रुतवा. शेजारचा माणूस काखेत, मांड्यांच्या मध्ये आणि छातीवर व्हॅसलीन फासत असेल. त्याला हसा. पंचविसाव्या किलोमीटरला घामाने भिजलेला टीशर्ट छातीवर कानशीसारखा चालू लागला की त्याची आठवण येईल, पण तोवर तो फार पुढे गेलेला असेल.

'मोरया' झालं की सुटा. हातात वेळेची पाटी घेऊन ठरलेल्या चालीने धावणारे पेसर असतात, त्यांच्या मागे राहिलं तर पोचता येतं म्हणे. पण पेसरच्या मागे धावताना फोटोत आपण दिसत नाही. मी पहिल्या पाच किलोमीटरांतच त्यांना ओलांडून गेलो. इतकं हलकं वाटत होतं की मी मनात गणित मांडलं. केनियाच्या केल्व्हिन किप्टमने २०२३ साली शिकागोला हेच अंतर २ तास ३५ सेकंदांत कापलं, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आपण सहा मिनिटांनी चाललोय, म्हणजे फक्त दुप्पट. फार काही फरक नाही.

आमच्या शर्यतीत त्याच रस्त्याने दोनदा जायचं होतं. ही योजना ज्याने केली त्याला माणसाचं मन कळतं. एकवीस किलोमीटर झाल्यावर तुम्ही बरोबर त्या मांडवाशेजारून जाता जिथे हाफवाले, म्हणजे एकवीसच धावणारे, पदक गळ्यात घालून केळी सोलत असतात. एकाने तर मला पाहून केळं वर करून सलाम केला. तिथून डावीकडे वळलं की घर, सरळ गेलं की आणखी एकवीस. आणि ग्रुपवर मी 'फुल' लिहिलं होतं.

परतीला सिंहगड रस्त्यावर ऊन आलेलं असतं. बॅरिकेडपलीकडे दुचाकींची रांग लागते, आणि मग तुम्हाला कळतं की शहर तुमच्याकडे पाहतंय. 'साहेब, आता कोण राहिलंय? सोडा की!' 'अजून एक येतोय बघा.' तो एक मी होतो. मागच्या सीटवरच्या आजोबांनी हेल्मेटची काच वर करून मला माहिती पुरवली, 'पहिला गेला केव्हाच!' इतक्या आपुलकीने सांगितलं की जणू मी त्याच्याच पाठलागावर होतो.

बत्तीसाव्या किलोमीटरला ते जे 'भिंत' म्हणतात ते येतं. मी समजत होतो धडक बसेल. तसं काही होत नाही. गॅस संपत आला की शेगडीची ज्योत कशी निळी, बारीक, मग नुसती फुरफुरते, तसं होतं. उजव्या पोटरीत गोळा आला. मी विजेच्या खांबांशी सौदा केला, एक खांब पळायचं, एक चालायचं. नंतर एक पळायचं, दोन चालायचे. मग खांबांचं मी मनावर घेणं सोडलं. प्रत्येक टेबलावर पाणी पीत आलो होतो, दिसलं की प्यायचं, फुकट आहे म्हणून. नुसतं पाणी भारंभार प्यायलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा होतो, हे मी वाचलेलं होतं. पण मी कुठून भ्रमिष्ट झालो आणि मुळात किती होतो, याचा हिशेब आता लावता येत नव्हता.

तिथे एका जुन्या बिल्डिंगच्या फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर एक आजी बसल्या होत्या. नऊवारी, वर मुलाचा असावा असा मोठा स्वेटर, पायात मोजे आणि मांडीवर स्टीलचा डबा. शर्यतीच्या लोकांशी त्यांचा काही संबंध नव्हता. डब्यात एका बाजूला गुळाचे खडे, एका बाजूला मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडी. मी थांबलो नाही, थांबला गेलो. त्यांनी आधी लिंबू दिलं, मग गूळ, आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, 'चाल आता जरा. कुणी बघत नाहीये.'

सहा महिन्यांत मला मिळालेला हा पहिला उपयोगी सल्ला. तुम्ही तो मानू नका. मी मानला आणि माझे फोटो बिघडले, चालतानाचे आले.

आता ते १९५ मीटर. १८९६ साली अथेन्सला ही शर्यत साधारण चाळीस किलोमीटरची होती. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या आसनांपुढे संपवायची ठरली, त्या सोयीत अंतर भरलं ४२.१९५ आणि १९२१ मध्ये तेच कायमचं झालं. इंग्रज १९४७ ला गेले, पण हे ठेवून गेले. बेचाळीसची पाटी दिसल्यावर मला वाटलं संपलं, मी हात वर केले, फोटोवाल्याने मान हलवून पुढे बोट दाखवलं. तिथून पुढचं अंतर मी बहुधा पुरणपोळीवर काढलं.

वेळ, पाच तास अठ्ठेचाळीस मिनिटं. पदक जड असतं, मानेला जाणवतं. गर्दीतून गाडीपर्यंत गेलो तर गाडीवर टांग टाकता येईना. उजवा पाय उचलला की डावा नकार देई. शेवटी मेन स्टँड लावला, फूटपाथवर चढलो आणि पोत्यासारखा सीटवर आडवा झालो, मग हळूहळू बसता झालो. एक लहान मुलगी आईला विचारत होती, 'त्या काकांना काय झालं?' आई म्हणाली, 'ते जिंकलेत.'

खरी शर्यत सोमवारी असते. जिना चढायला फारसं काही वाटत नाही, उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच सबंध वजन पेलतो, आणि फाटून निघालेला तो स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ओरडतो. बायकोने दळणाचा डबा हातात दिला. 'गिरणी एकला बंद होते. बेचाळीस किलोमीटर जाऊन आलास, चार जिने काय!' लिफ्ट बंद होती. मी कठड्याला धरून, तोंड भिंतीकडे करून, शिडी उतरावी तसा उलटा उतरू लागलो. गळ्यात पदक होतं. मुद्दाम घातलं होतं, कबूल आहे.

तळमजल्यावर काका दारात पेपर घेऊन उभे होते. त्यांनी पेपरची घडी घातली आणि मी पूर्ण खाली पोचेपर्यंत शांतपणे वाट पाहिली.

'कितवा आलास?'

'निकाल यायचाय अजून,' मी म्हणालो.

'चौगुले एकोणिसावे आले होते.' मग त्यांची नजर पदकावरून सावकाश खाली माझ्या चपलांवर आली. दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी-काळी झाली होती, डावं तर उचकटूनच आलं होतं. ते जरा वाकले, नीट पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, 'बूट घातले होतेस ना?'