पोर्ट उघडलं की झालं? थांबा जरा

छोट्या ऑफिसांसाठीचा एक ‘फुकट जुगाड’ सध्या एका पोस्टमधून फिरतोय. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करा (म्हणजे बाहेरून ऑफिसच्या पीसीपर्यंत यायचं दार उघडा), रिमोट डेस्कटॉपचा (लांबून पीसी वापरायच्या विंडोजच्या सोयीचा) नेहमीचा पोर्ट नंबर 3389 बदलून दुसरा नंबर द्या, पासवर्ड दणकट ठेवा, की ऑफिसचा पीसी फोनवर हजर. वर टॅलीचा फोल्डर फोनशी सिंक केला की बॅकअपची कटकट संपली. गरज खरी आहे, पण उपाय महागात पडणारा. त्यातले दावे एकेक करून बघू.

‘नंबर बदलला की कुणाला सापडत नाही.’ पोर्ट असून असून 65,535. एका पोर्टसाठी अख्खं आयपीव्ही4 इंटरनेट (नेटवरचे नेहमीचे सगळे पत्ते) एकाच मशीनवरून पाऊण तासात चाळणारं झेडमॅप हे टूल 2013 मध्येच आलं. तुमचा पत्ता कुणी मुद्दाम शोधत नाही. सगळेच पत्ते रात्रंदिवस चाळले जातात.

‘पासवर्ड आहे ना!’ मे 2019 मध्ये उघड झालेल्या ब्लूकीप या रिमोट डेस्कटॉपमधल्या त्रुटीला पासवर्ड लागतच नव्हता, घुसखोरी लॉगिनच्या आधीच शक्य होती. सपोर्ट संपून पाच वर्षं झालेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला पॅच (दुरुस्ती) काढावा लागला.

‘पॉकेट पीसी असेच जोडायचो, काय बिघडलं?’ हे वाचून हसू आलं. पॉकेट पीसी म्हणजे खिशात मावणारे जुने विंडोज संगणक, आणि अॅक्टिव्हसिंक हे ते पीसीशी जोडायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. 2005 च्या अ‍ॅक्टिव्हसिंक 4 मधून पीसीशी नेटवर्कवरून सिंक करायची सोय खुद्द मायक्रोसॉफ्टनेच काढून टाकली, तीही सुरक्षेचं कारण देऊन. लोकांनी तेव्हा भरपूर शिव्या घातल्या होत्या.

सगळ्यात घातक वाक्य मात्र शेवटचं: ‘सिंक म्हणजेच बॅकअप.’ दुतर्फा सिंकमध्ये ऑफिसात फाइल उडाली की फोनवरूनही उडते. रॅन्समवेअरने (खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) कुलूपबंद केलेली फाइलही इमानेइतबारे फोनवर पोचते. सिंकथिंग या सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या आवृत्त्या जपायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. टॅलीचं दुखणं आणखी वेगळं. त्याचा डेटा एका फाइलीत नसतो. काउंटरवर व्हाउचर सेव्ह होत असताना सिंकने मधेच फोल्डर उचलला तर काही फाइली नव्या, काही जुन्या. दोन्हीकडून बदल झाला असेल तर सिंकथिंगमध्ये नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख घेऊन जादा फाइल उगवते, आणि मार्चअखेरीस खरी कोणती यावर अकाउंटंट डोकं धरून बसतो. टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या आणि ती बॅकअप फाइल खुशाल फोनवर पाठवा.

आणि गंमत म्हणजे अनेकांकडे हा जुगाड चालतच नाही. राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावर पत्ता 100.64 ते 100.127 मधला दिसला तर इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलाय. तुमचं फॉरवर्डिंग तिथे व्यर्थ. विंडोज होम असेल तर रिमोट डेस्कटॉपने आत घेण्याची सोयच नाही.

फुकटच हवं तर वायरगार्ड हे व्हीपीएन (फोन ते ऑफिस असा खाजगी बोगदा) आहे. ओळखीची किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. वाटलेल्या पत्त्यावर असाल तर त्याच्यावरच उभं असलेलं टेलस्केल वापरा. प्रत्येक फोनला वेगळी किल्ली द्या. फोन रिक्षात राहिला तर तेवढीच रद्द करायची.