कोल्हापूर ते गोंदिया, अंतर किती आणि वेळ किती

कोल्हापूर ते गोंदिया हवाई अंतर शोधलं तर साधारण ८३० किलोमीटर येतं आणि विमानाला सव्वा-दीड तास. आकडा खोटा नाहीये, उजळाईवाडी (कोल्हापूरचं विमानतळ) ते बिरसी (गोंदियाचं) नकाशावर सरळ रेघ मारली तर तेवढंच भरतं. पण त्या रेघेवरून एकही विमान जात नाही, मग बायका-पोरं घेऊन निघणाऱ्या माणसाने त्या आकड्याचं करायचं काय?

माझी धाकटी बहीण गोंदियाला दिलीय, त्यामुळे आमच्याकडे हा विषय दर दिवाळीला निघतोच. पर्याय म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस. एकाच राज्यात तेराशे किलोमीटरच्या वर धावणारी गाडी आहे ही! पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर असा अख्ख्या महाराष्ट्राला वळसा घालून जाते, दुपारी बसलं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरायचं. आईचे गुडघे गेलेत, तिला वरचा बर्थ मिळाला की खालच्या माणसाला विनवण्या करण्यापासून सुरुवात. म्हणून आता लेकीकडे जायचं नावच काढत नाही ती.

आता विमानाचं बघा. सव्वा तास हा हिशोब जेटचा, ताशी ८०० च्या आसपास जाणाऱ्या विमानाचा. छोट्या विमानतळांवर बहुतेक वेळा येतं ते एटीआर, पंख्याचं, ताशी ५०० च्या आसपास. म्हणजे उद्या थेट सुरू झालं तरी दोन तास धरा, आणि दोन तास सुद्धा आम्हाला स्वर्गच आहे.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. दोन्हीकडून जोडायला सोयीचं मोठं विमानतळ हैदराबाद. कोल्हापूर-हैदराबाद साधारण साडेचारशे किलोमीटर, तिथून गोंदिया पाचशेच्या थोडं वर. बेरीज करा, सरळ रेघेपेक्षा फक्त सव्वाशे-दीडशे किलोमीटर जास्त! म्हणजे अंतराने काहीच बिघडत नाही, सगळा दिवस खातं ते मधलं थांबणं. एक विमान सकाळी उतरणार, दुसरं आधीच उडून गेलेलं, किंवा त्या दिवशी ते नाहीच. मग हॉटेल, टॅक्सी, पुन्हा सिक्युरिटीची लाईन, एवढ्यात रेल्वेने माणूस घरी पोचून जेवून झोपला असता.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, नवीन रूट जाहीर झाला की "किती मिनिटांत पोचणार" हे विचारूच नका, आठवड्यातले किती दिवस आणि किती वाजता ते विचारा. उडान योजनेत, म्हणजे छोटी शहरं स्वस्तात विमानाने जोडायच्या केंद्र सरकारच्या योजनेत, साधारण तासाभराच्या प्रवासाला निम्म्या सीटचं भाडं २,५०० रुपयांवर बांधलं होतं, कल्पना फार चांगली होती आणि मी आजही तिच्या बाजूने आहे. पण विमान कंपनीला सरकारी मदत तीन वर्षांची, ती संपली की विमान भरलं पाहिजे, आणि आठवड्यातून दोनदा उडणाऱ्या विमानाच्या भरवशावर लग्नाची नाहीतर दवाखान्याची तारीख कोण ठरवणार? लोक बसत नाहीत म्हणून रूट बंद करतात आणि रूटचा भरवसा नाही म्हणून लोक बसत नाहीत.

बिरसीला वैमानिक घडवणारी संस्था आहे, तिथे शिकाऊ पोरं विमानं उडवत असतात. कोल्हापूरला २०२४ मध्ये नवं टर्मिनल झालं. दोन्हीकडे सोय आहे हो. थेट विमान द्या असा हट्ट पण नाही माझा, हैदराबादला दोन्ही विमानांच्या वेळा जुळवा, मध्ये दोन तासांच्या वर थांबायला लागू नये, एकच तिकीट, बॅग परस्पर पुढे जाऊ दे आणि हे रोज असू दे. दोन्हीकडच्या खासदारांना मी हेच लिहून पाठवतोय, पटत असेल तर तुम्ही पण पाठवा.