युद्धात मरायचंय? आधी पत्ता तपासा

परवा रात्री जेवताना टीव्हीवर सायरन वाजला. आई ताटावरून तशीच उठली, खरकट्या हाताने गॅस बंद केला, बाल्कनीत जाऊन वर आभाळात बघून आली. काय, तर गाझाची बातमी चालू होती आणि मागे इफेक्ट म्हणून भोंगा! मे २०२५ मध्ये सरकारनेच चॅनलवाल्यांना सांगितलं होतं की बाबांनो हा भोंगा उगाच वाजवू नका, लोकांना सवय झाली की खरा वाजेल तेव्हा कोणी हलणार नाही. असो. भोंगा थांबला, मृतांचा आकडा आला, आणि लगेच फरशी पुसायच्या लिक्विडची जाहिरात.

तर मंडळी, उद्या वेळ आलीच तर बातमीत नीट जागा मिळावी म्हणून काही गोष्टी आत्ताच बघून ठेवा.

जन्म शक्यतो युरोपात घ्या. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सीबीएसचा वार्ताहर युक्रेनच्या कीव्हमधून बोलून गेला की हे काही इराक-अफगाणिस्तान नाही, हे त्यामानाने सिव्हिलाइज्ड शहर आहे. मग माफी मागितली. म्हणजे बगदादच्या बाईला पोरगं गेल्याचं दुःख कमी होत असणार, सवयीने.

गरोदर असाल तर इन्स्टावर मेकअपचे फोटो टाकू नका. युक्रेनमधल्याच मारिउपोलच्या प्रसूतिगृहावर ९ मार्च २०२२ ला रशियाचा बॉम्ब पडला, रक्ताळलेल्या तोंडाने जिना उतरणारी ब्यूटी ब्लॉगर फोटोत दिसली, तर लंडनमधली रशियन वकिलात म्हणे ही नाटक करतेय.

सुदानमध्ये तर अजिबात मरू नका, फुकट जाईल.

भाषा पण बघून घ्या. आपला गेला की शहीद, मित्रदेशाचा गेला की निष्पाप बळी, पलीकडचा गेला की खात्मा. मराठी किती समृद्ध आहे बघा!

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाढी ठेवू नका. ७ मे २०२५ ला पूंछमध्ये पाकिस्तानच्या तोफगोळ्यांनी आपलीच माणसं मेली, त्यात मदरशात शिकवणारे एक मौलवी होते, भारतीय, आपल्या हद्दीत, पाकिस्तानच्या माऱ्यात गेलेले, आणि आपल्याच काही चॅनलांनी त्यांचा फोटो लावून 'दहशतवादी ठार' म्हणून दिवस काढला, शेवटी पूंछ पोलिसांना खुलासा करावा लागला की अहो हा आपला माणूस आहे. घरी मयत पडलंय आणि टीव्हीवर बाप अतिरेकी! एक फोन करायला काय झालं होतं? पूंछला फोन लागत नाही? स्टुडिओत खोटी विमानं उडवायला वेळ होता ना?

लाज वाटायला हवी. आणि अँकरलाच कशाला बोलू, तो फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आला होता, खाली बारा अंगठे. अजून आहे तिथे, वर स्क्रोल केलं की दिसतो. ज्याने टाकला तो हे वाचतोय. डिलीट कर आधी.