रेल्वे ही भेट नव्हती, तिचे पैसे आपण भरले आहेत

दर १६ एप्रिलला, म्हणजे आपल्या रेल्वेच्या वाढदिवशी, एक मेसेज फिरतो. ‘इंग्रजांनी स्वतःच्या पैशाने देशभर रेल्वे बांधून दिली, आपल्या लोकांची सोय केली. ते नसते तर आपण अजून बैलगाडीतच असतो.’ यंदा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि खाली भराभर अंगठे पडले. म्हणून हे लिहितोय.

आधी पैशाचं. भांडवल लंडनच्या भागधारकांचं होतं, हे खरं. पण १८४९च्या करारांनुसार त्यांना ५ टक्के परताव्याची हमी होती. रेल्वे कंपनीला तेवढी कमाई झाली नाही, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. जमीनही फुकट. तिजोरीत मुख्य भर शेतसाऱ्याची, म्हणजे तोटा कुणब्याच्या माथी. काटकसर करायची कंपनीला गरजच नव्हती. हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली पार्लमेंटच्या समितीपुढे स्वच्छ सांगितलं: व्याजाची हमी असल्यावर आपला पैसा हुगळीत फेकला की विटा-चुन्यात घातला, याच्याशी गुंतवणूकदाराला देणंघेणं नव्हतं.

आता ‘बांधून दिली’. पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबते, मागून इंजिनं जोडली जातात, डब्याला एक धक्का बसतो आणि गाडी घाट चढू लागते. तो धक्का बसला की मला बोरघाटातले मजूर आठवतात. १८५६ ते १८६३ हे काम चाललं. २५ बोगदे, ३७ फुटांमागे १ फूट चढ. कड्यावर दोराने लोंबकळत सुरुंगाची भोकं पाडायची. ऐन भरात ४२ हजारांवर माणसं कामाला होती. त्यांत बायका आणि पोरंही, डोक्यावर पाट्या घेऊन. पावसाळ्यात काम बंद, म्हणजे मजुरीही बंद. पटकी आली की झोपड्यांच्या रांगा रिकाम्या व्हायच्या. सगळ्या वर्षांत मिळून सुमारे २५ हजार माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १८५९च्या सुरुवातीला मजुरी थकली म्हणून मजूर उठले, दंगा झाला, आणि थोड्याच महिन्यांत पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला. काम त्याच्या बायकोने, ॲलिसने, पुरं करून घेतलं. तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण पाट्या वाहणाऱ्या एकाही बाईचं नाव मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही.

‘लोकांची सोय’ हा मुद्दा गव्हर्नर जनरल डलहौसीच्या रेल्वेवरच्या १८५३च्या टिपणापुढे टिकत नाही. त्यात सैन्य झटपट हलवणं आहे आणि इंग्लंडला हवा असलेला कापूस आहे. मालाचे दरही बंदराकडे जाणाऱ्या वाहतुकीला सोयीचे ठेवले गेले. १८७६-७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये रेल्वेने धान्य आलं, हे मान्य. पण ते विकत घ्यायला गावात पैसा नव्हता, आणि त्याच काळात देशातला गहू विलायतेला जातच होता.

रेल्वेचा समाजाला फायदा झाला नाही, असं मी म्हणत नाही. गरीब माणूस तिकीट काढेल का, अशी कंपन्यांना शंका होती. प्रत्यक्षात थर्ड क्लासचे डबे पहिल्यापासून ओसंडून वाहिले. यात्रेकरू, गिरण्यांत कामाला निघालेले, माहेरवाशिणी. प्रवासी उत्पन्नाचा मोठा वाटा याच लोकांनी दिला, आणि बदल्यात त्यांना जनावरांसारखं कोंबलं गेलं.

राहिला ‘ते नसते तर’चा प्रश्न. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई १८४५पासून खटपट करत होते. जपानने १८७२मध्ये पहिली रेल्वे सुरू केली. कर्ज लंडनचं, इंजिनिअर इंग्रज, पण मालकी जपान सरकारची. १८९३ला त्यांनी कोबेत पहिलं इंजिन बांधलं. आपल्याकडे अजमेरच्या कारखान्यात ते दोनच वर्षांनी, १८९५ला तयार झालं. हात आपल्या कारागिरांचेही तेवढेच तयार होते. तरी पुढची पन्नास वर्षं इंजिनं हजारोंनी विलायतेहून येत राहिली आणि बंगालमधला चित्तरंजनचा इंजिन कारखाना सुरू व्हायला १९५० साल उजाडलं.