न्यूयॉर्क किती तास?

मुंबईहून न्यूयॉर्क साधारण साडेबारा हजार किलोमीटर. एवढंच मला ठामपणे सांगता येतं आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही. अमेरिकेला निघालोय म्हटलं की अख्ख्या कोल्हापूरचा प्रश्न एकच, "किती तास लागतात?"

शेजारचे अण्णा एसटीत कंट्रोलर होते. नोकरी सुटली, वेळापत्रक सुटलं नाही.

"सोळा तास," मी म्हणालो.

"तासाला किती पळतंय?"

"नऊशे."

अण्णांनी मनातच भागाकार केला. "मग चौदाच झाले की रं. दोन तास कुणी खाल्ले?"

विमान जागेवरून हललं की वेळ सुरू होते आणि तिकडं जागेवर लागल्यावरच संपते, धावपट्टीसमोरची रांगही त्यातच, हे त्यांना लगेच पटलं. रस्ता सरळ पश्चिमेला नाही, हे मात्र पटेना. शेवटी नातवाचा पृथ्वीगोल आणून त्यांनी स्वतः दोरा ताणला. तो मुकाट्यानं वर सरकत आइसलंडच्या अंगावरून गेला. जवळची वाट तीच. मग 2025च्या एप्रिलपासून पाकिस्ताननं भारतीय विमानांना आकाश बंद केल्याचं आणि त्यामुळं पडणाऱ्या वळशाचं सांगितलं. "डायव्हर्शन," अण्णा म्हणाले. घाटात दरड कोसळली की ते हेच करायचे.

गोची केली वाऱ्यानं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोरदार वारं वाहतं. जाताना ते तोंडावर, येताना पाठीशी. म्हणून येताना तास-दीड तास वाचतो, असं मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

"तिकीट दाखव."

दाखवलं. मुंबईहून रात्री दीडला सुटायचं, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी आठला पोचायचं. परतीला तिथून सकाळी अकराला निघायचं, मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला उतरायचं.

अण्णांनी चष्मा पुसला. "जाताना साडेसहा तास, येताना चोवीस. आणि तू म्हणतोस वारं पाठीशी?"

मी घड्याळांतला साडेनऊ तासांचा फरक समजावला. वर, नोव्हेंबरात तिकडची मंडळी घड्याळ तासभर मागं घेतात, मग हाच फरक साडेदहा होतो, हेही सांगितलं. पाच मिनिटं उशिरा आलेल्या ड्रायव्हरला जन्मभर झापलेल्या माणसानं हे ऐकून माझ्याकडं असं पाहिलं, की घड्याळ मीच फिरवून आलोय.

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली, की रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायला आठ-नऊ तास लागतात, पण अमेरिका साडेसहा तासांत येते. एक मावशी तर मुंबईचा टप्पा वगळूनच जा म्हणाल्या.

अण्णांचा हिशेब अजून मिटला नव्हता. निघताना फाटकापाशी त्यांनी मला अडवलं. "परतीला साडेसतरा तास जादा बसवून घेतात, भाडं मात्र तेवढंच," ते दबक्या आवाजात म्हणाले. "त्यांच्या ध्यानात यायच्या आत परत ये."