कूलर लावला की ऑइल थंड पडतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण मुद्द्याला धरून आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की एअर-कूल्ड (हवेने थंड होणाऱ्या) बाइकला घरी ऑइल कूलर, म्हणजे इंजिनचं ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर, बसवला तर ऑइल नको तितकं थंड राहतं, ऑइलचं प्रेशर पडतं, आणि गरज असती तर कंपनीनेच तो दिला असता.

कंपनीला किंमत, वजन आणि सगळी हवामानं एकाच गाडीत सांभाळायची असतात. भर उन्हात सामान लादून तासन्‌तास चढ चढणारा त्या हिशोबात कडेला पडतो. ऑइलने इंजिन थंड करणं काही नवं नाही. सुझुकीने १९८५च्या जीएसएक्स-आर ७५० या बाइकमध्ये तेच केलं. ते इंजिन मुळातच तसं आखलेलं होतं, हे खरं. आपण मागाहून जोडतो, म्हणून आपल्यावर जबाबदारी जास्त.

थंड ऑइलबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के पटतं. ज्वलनातली वाफ थोडीफार पिस्टनच्या रिंगांमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागात, उतरतेच. ऑइल नीट तापलं नाही तर ते पाणी उडून जात नाही. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून पाहा: पिवळट पांढरा, सायीसारखा थर दिसला तर समजा, पाणी आतच साठतंय. म्हणून माझ्या जोडणीत थर्मोस्टॅट हवाच. साधारण ८० ते ९० अंशांपर्यंत तो बहुतेक ऑइल कूलरकडे जाऊच देत नाही. आणि त्याही आधी तापमान मोजा. डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीच्या) जागी बसणारा थर्मामीटर मिळतो. तुमच्या नेहमीच्या वापरात ऑइल ९० ते ११० अंशांत राहत असेल तर कूलरच्या वाटेला जाऊ नका.

प्रेशरचं उत्तर ऑइल कुठून काढता यावर आहे. हेडकडे, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाकडे, जाणारी ऑइलची लाइन तोडून मध्ये कूलर घातला आणि पाइप अरुंद निघाला, तर पहिला फटका कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) बसतो. पाइपाचं आतलं भोक मूळ लाइनपेक्षा लहान नको. पेट्रोलचा पाइप तर मुळीच नको, गरम ऑइल आणि दाब दोन्ही सोसणारा घ्या. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वॉशर दर वेळी नवे. जोडून झालं की स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवा, म्हणजे कूलर भरेल. मग आयडलवर हेडचा चेक बोल्ट (ऑइल येतंय का ते पाहायचा), असेल तर, किंचित सैल करून ऑइल वर पोचतंय का पाहा. नाही आलं तर इंजिन लगेच बंद. कूलरने थोडं ऑइल पोटात घेतलेलं असतं, तेव्हा लेव्हल पुन्हा तपासा.

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाइप कुठे घासतो का, हे बघितल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. गळलेलं ऑइल मागच्या टायरवर गेलं तर वळणावर गाडी घसरते. जिवाचा प्रश्न आहे.

तुमची गाडी कोणती, ते लिहिलेलं नाही. मॉडेल आणि मोजलेलं तापमान कळवा, मग कूलर लावावा की नाही यावर नेमकं बोलता येईल.