सेरामपूर कॉलेजवरच्या लेखाखाली आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजवर परवा लिहिलेल्या लेखाखाली एकानं नाव न देता लिहिलंय, "खेड्यात बसून मिशनऱ्यांची आरती ओवाळायला काय जातं, शिक्षण हा नुसता बहाणा होता, खरं काम बाटवायचं." त्याखाली अजून तीन तक्रारी: सन चुकलं, मराठी पंडितांना श्रेय दिलं नाही, आणि यवतमाळची सेमिनरी (ख्रिस्ती धर्मशिक्षणाची संस्था) बॅप्टिस्ट (एक ख्रिस्ती पंथ) नव्हती.

आधी सनाचं. मी लिहिलं होतं की 1818 मधे कॉलेज निघालं तेव्हाच त्याला पदव्या द्यायचा अधिकार मिळाला. चूक आहे, मान्य. कॉलेज 1818 चं, पण सेरामपूर तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, आणि तिथला राजा सहावा फ्रेडरिक याची पदव्यांची सनद आली 1827 मधे. लेखात दुरुस्त केलंय. हे नीट शब्दांत सांगितलं असतं तर मी आभारच मानले असते दादा, पण तुम्ही सुरुवातच "खेड्यात बसून" पासून केली.

खेड्यात बसून म्हणजे काय हो? इथं राहणाऱ्यानं वाचू नये का? माझे बाबा सुतार होते. 1983 मधे सेमिनरी यवतमाळहून पुण्याला गेली तेव्हा पुस्तकं भरायची लाकडी खोकी करायला जे सुतार लावले होते त्यात बाबा होते. मी तेव्हा सातवीत, सुट्टीत त्यांच्यासोबत जायचो, खिळे सरळ करून द्यायचं काम माझं. एकेका खोक्यावर खडूनं नंबर टाकलेला अजून डोळ्यासमोर आहे. त्यातलं एक पुस्तक बाबांनी उघडून पाहिलं, वाचता येत नव्हतं, तरी हात पुसून उघडलं. तिथल्या कोणी आम्हाला बाटवलं नाही, आम्ही जे होतो तेच आहोत, पण पुस्तक हातात घ्यायच्या आधी हात पुसायचे हे मी तिथं शिकलो. त्यामुळे मला कोणी इतिहास शिकवायच्या आधी हे लक्षात ठेवावं.

आता "बहाणा". बहाणा म्हणजे लपवाछपवी ना? या लोकांनी तर काहीच लपवलं नव्हतं राजेहो. कॉलेज काढणारे केरी, मार्शमन आणि वॉर्ड तिघंही बॅप्टिस्ट मिशनरी, इथल्याच लोकांतून ख्रिस्ती प्रचारक तयार करायचे हे उघडपणे बोलत होते. पण 1818 च्या पत्रकात कॉलेजचं काम काय सांगितलं, तर आशियातल्या ख्रिस्ती आणि इतर तरुणांना पूर्वेकडचं साहित्य आणि युरोपातलं शास्त्र शिकवणं. "आणि इतर" हे दोन शब्द परत वाचा. पहिल्या वर्षी 37 विद्यार्थी होते आणि त्यातले सगळे ख्रिस्ती नव्हते, हिंदू मुलंही त्याच वर्गात बसली. संस्कृतवर जोर होता. नुसतं बाटवायचंच असतं तर हुगळीच्या काठावर एवढी मोठी इमारत कशाला उभी केली असती, तंबू ठोकून भागलं असतं!

आणि हे काम काही एका फटक्यात झालं नाही, माझा सगळा लेख त्यावरच होता, तो तुम्ही वाचला का हाच प्रश्न आहे. केरी 1834 मधे वारले. 1845 मधे डेन्मार्कनं सेरामपूर इंग्रजांना विकून टाकलं, तरी करारात कॉलेजची सनद शाबूत ठेवली. पण सनद हातात असून धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या द्यायला 1915 उजाडलं, म्हणजे 88 वर्षं. मग 1918 मधे बंगालच्या विधिमंडळानं कायदा केला, पदव्यांचा कारभार पाहणारं सिनेट बसलं, आणि बाकीच्या मंडळ्यांच्या (ख्रिस्ती पंथांच्या) सेमिनरींनाही तिथल्या पदव्या मिळायचा रस्ता झाला. कास्तकार माणसाला हे लवकर समजतं, बी पेरलं त्या वर्षी आंबा येत नाही. बहाणा करणारा 88 वर्षं थांबत नसतो.

यवतमाळबद्दल: मी तिला बॅप्टिस्ट म्हटलंच नव्हतं. 1953 मधे वेगवेगळ्या मंडळ्यांनी मिळून ती उभी केली, युनियन बिब्लिकल सेमिनरी, नावातच युनियन आहे. आज ती सेरामपूरच्या सिनेटशी जोडलेली आहे एवढाच संबंध मी दाखवला होता. जे लिहिलंच नाही ते खोडून काढायची घाई कशाला?

पंडितांचा मुद्दा वेगळ्या लेखाचा आहे, इथं त्यात शिरत नाही. वैजनाथ पंडितांच्या मदतीनंच केरींनी 1805 चं मराठी व्याकरण आणि 1810 चा कोश केला हे मला माहीत आहे, कोणी सांगायची गरज नव्हती.

अजून एक. "तुमच्यासारख्यांना पैसे कोण देतं" असं शेवटी टाकलंय, ती ओळ मी उडवली आहे. मोबाईलचा रिचार्ज मी स्वतः करतो आणि हा ब्लॉग रात्री, वावरातून आल्यावर लिहितो. असली ओळ परत आली तर ती पण उडवणार, मग कोणाला राग आला तरी चालेल. मुद्द्यावर बोलायचं असेल तर नावानिशी या, चहा घेऊ.

पंडितांवरचा लेख कापसाची वेचणी आटोपली की लिहितो.